पुढचं वजन

ट्रॅक्टरच्या मागं बसवायचे खोदणीचे दोन लोखंडी हात ठेकेदाराच्या आवारात धुळीत पडले होते. दोन्ही धरणाच्या कामावर झिजून आलेले. रंगरावानं बोट दाखवून देवमनला विचारलं, यातला कोणता घ्यायचा? देवमन उकिडवा बसला. जन्मभर विहिरी आणि चर खोदलेला माणूस. यंत्रातलं त्याला काय कळणार! खणायची सब्बल, पहार घेताना पाहायचा तसंच त्यानं पाहिलं. एक हात सडपातळ, बारक्या बकेटीचा. दुसरा जाडजूड, दाते मनगटाएवढे. त्यानं जाड्यावर थाप मारली.

"हा घ्या भाऊ. अवजार जड असलं का अर्दं काम त्याच्या वजनानंच होते. तो बारका तं आपल्या रिठदच्या गोट्यात काडीवानी वाकन."

रंगरावाला पटलं. वांगी-मिरच्यांचा मळा राखून असलेला हा माणूस गरज असेल तोवर मोठा गोड बोलायचा. येतानाच त्यानं शब्द दिला होता की हात देवमननं निवडायचा आणि तो हलवायचे दांडेही देवमननंच चालवायचे. यंत्र आल्यावर कुदळवाल्यांना कोण विचारणार, ही धास्ती देवमनला होतीच. पण दांडे आपल्याच हाती राहिले तर मग भ्यायचं कशाला? घरी येऊन त्यानं बायकोला, दुर्गाबाईला, ते पुन्हा पुन्हा सांगितलं.

हात बसवायला वाशीमचा दौलतसिंग फिटर मळ्यात आला. देवमननं घन मारून पिना ठोकल्या, तेलाच्या नळ्या धरता धरता अंगभर काळं करून घेतलं आणि फिटरला विचारून विचारून नुसतं भंडावून सोडलं. कोणता दांडा हात लांबवतो, कोणता बकेट वळवतो, सगळं त्यानं ओठातल्या ओठात घोकलं. दुर्गाबाई मजुरीला न जाता धुतलं लुगडं नेसून बांधावर येऊन बसली होती. रंगरावाच्या बायकोनं, गिरजाबाईनं, बकेटीला कुंकू लावलं, नारळ फोडला.

पहिल्यांदा फिटरनंच हात लांबवून पाहिला. हात मागं पसरला आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडून वर उठली. सगळे पांगले. दौलतसिंगानं घाईनं हात खाली टेकवला, कपाळ पुसलं आणि म्हणाला की या ट्रॅक्टरला हा हात फार जड आहे, निवडला कोणी?

"यानं," रंगराव म्हणाला. "काय रे देवमन, सब्बल घ्याले गेल्ता का तू?"

देवमनची मान खाली गेली. चूक त्याचीच होती, नाही कसं म्हणणार! दौलतसिंगानं उपाय सांगितला. पुढं वजन ठेवा, लोखंडाचं मिळेतोवर माणूस बसवला तरी चालेल. रंगरावानं लगेच पुतण्याला, शेषरावाला, दांड्यांवर बसवलं. या पोरानं जन्मात कुदळ धरली नव्हती. देवमनला रंगरावानं पुढच्या बंपरकडं बोट दाखवलं.

देवमन जवळ गेला आणि बायकोला ऐकू जाऊ नये अशा बेतानं शब्दाची आठवण करून दिली.

"शब्द देल्ला तवा तुही अक्कल मले ठाव नोती," रंगराव मोठ्यानं म्हणाला.

देवमन बंपरवर बसला. शेषरावानं दांडा ओढला, तसं ट्रॅक्टरचं तोंड देवमनला घेऊनच वर उठलं. गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. तुझ्या घरी चूल पेटते की नाही, असं रंगरावानं विचारलं आणि एक मोठा गोटा उचलून देवमनच्या मांडीवर ठेवला. आता चाकं जमिनीवर राहिली. चर खोदला जाऊ लागला. देवमनची पाठ कामाकडं होती, त्याला काहीच दिसत नव्हतं. नुसते दगड फुटल्याचे आवाज येत होते. त्याला लाज वाटत होती, आणि हात दगड फोडतोय याचं बरंही वाटत होतं. मेला कसला जीव असतो माणसाचा!

दुपारी चहा आला. बांधावर उपडा ठेवलेला आपला वेगळा कप घ्यायला देवमन गोटा ठेवून उतरला, तसं काम थांबलं. रंगरावानं गोट्याकडं पाहिलं, मग देवमनकडं.

"सारे गोटेच बांधू नं मंग," तो म्हणाला. "गोटे चहा तं नाही मांगत."

आणि निवडायचं काम पुन्हा देवमनलाच सांगितलं, दगडातलं त्याच्याइतकं कोणाला कळतं म्हणून. चहा तसाच ठेवून देवमन चराच्या ढिगाकडं गेला. एकेक गोटा उचलून त्यानं तोलला, बुडाला सपाट, न घसरणारे असे बाजूला काढले. वाईट काम त्याच्या हातून होतच नव्हतं. दुर्गाबाई बांधावरून उठून त्याच्यापाशी आली.

"काहून इतके चांगले निवडून राह्यले तुमी?" ती म्हणाली. "हलके ठेवा नं."

त्यानं तेच गोटे बंपरवर रचून दोरानं करकचून बांधले, मग सवयीनं वर जाऊन बसला.

"उतर आता," रंगराव म्हणाला.

देवमन उतरला. शेषरावानं भरली बकेट उचलून हात होता तेवढा मागं लांबवला. पुढची चाकं जागची हलली नाहीत.