कोऱ्या नोंदवहीचा साहेब

बसा जरा, एका साहेबाच्या अकलेची गोष्ट सांगतो. लकव्यानं वाचा गेलेल्या इंदूआक्काच्या डोक्यातले शब्द वायरीनं एका पेटीत जायचे. पेटी ते कुलूपबंद करून लेकाच्या फोनवर धाडायची. पण दोन आठवडे एक शब्द आला नव्हता. दवाखान्याचे खरवंडीकर साहेब वायर काढायला उभेच होते. लेक उशाशी रडत होता.

"पेटीची नोंदवही कोरी आहे. बाई आतून संपल्या," साहेब म्हणाले.

पेटी दुरुस्त करणाऱ्या मंदानं सेटिंग उघडलं. "साहेब, बारीक नोंदी कुणी बंद केल्या?"

"मीच. तपासणीला कागद स्वच्छ दिसावा म्हणून."

"धन्य आहात."

मंदानं नोंदी चालू केल्या, तसा पडदा भराभर भरला. शब्द आला, किल्ली जुळली नाही, शब्द अडवला. लेकानं फोन बदलला होता, एवढंच. आक्का अजून बोलतच होत्या.

"हे आता पुसायचं कसं?" साहेबांना तपासणीचीच काळजी.

मंदानं नव्या फोनची किल्ली बसवली. फोनमधून आक्का बोलल्या, "बाळा, त्या टकल्याला आधी बाहेर काढ. दोन आठवडे माझ्या पायांवर फायली ठेवतोय."

तुमच्याकडेही असा एखादा साहेब असेल. त्याला ही गोष्ट तेवढी सांगा.