बबडीचं वजन

सकाळची ड्यूटी कधीच संपली होती, पण बदलीची सिस्टर आलीच नव्हती. मुलांच्या वॉर्डातली सिस्टर उभ्या उभ्या पेंगत होती. त्यात दोन वर्षांची बबडी तापाने फणफणलेली, आणि तिचं वजन कळल्याशिवाय औषध किती द्यायचं ते ठरत नव्हतं.

बबडी आईला सोडेना. मग सिस्टरने नेहमीची युक्ती केली. आधी आईने पोरीला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी करायची.

दोघींचं मिळून बासष्ट किलो भरलं. सिस्टरने लाडीगोडी लावून पोर आपल्याकडे घेतली. आई एकटी उभी राहिली. बासष्टच.

"काटाही दमला वाटतं माझ्यासारखा," सिस्टर म्हणाली.

आई हसली नाही.

काटा शून्यावर आणून सिस्टरने तिला पुन्हा उभं केलं. पुन्हा बासष्ट.

"सिस्टर, किती भरलं?" डॉक्टरांनी दारातून विचारलं. "औषध खोळंबलंय."

"आलेच, सर."

पोरीला घेऊन ती स्वतःच काट्यावर चढली. भाराने तिचा हात अवघडला होता, मानेला पोरीचा गरम श्वास लागत होता. काट्याने चोपन्न दाखवले. ती एकटीच चोपन्न भरायची.

पोरीला पलंगावर ठेवायला ती वाकली, तसं आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"खाली नका ठेवू, सिस्टर," ती हळूच म्हणाली. "घरी मी एकदाच ठेवली होती. तेव्हापासून काट्यावर तिचं वजनच भरत नाही."