नंबरावरचं नाव

१९७३ साल. माझा दीर ज्ञानू बोटीवरच्या नोकरीतून परतला, तो जर्मनीची मोटारसायकल घेऊनच. साताऱ्याला आरटीओत गाडीच्या पासिंगला तिथले साहेब सांगाड्यावरचा, म्हणजे चासीचा, नंबर बघायला वाकले आणि थबकले. सासूबाईंनी भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून नेमकं तिथेच ज्ञानूचं नाव घालून घेतलं होतं.

"आजी, नंबर खोडलेली गाडी जप्त होते."

ज्ञानूचा चेहरा उतरला. "आये, काय केलंस गं ह्ये!"

"आवं सायेब, नवी वस्तू आली की नाव घालायचंच की. तांब्यावर घालतो, मग एवढ्या मोठ्या गाडीवर नगं व्हय?"

साहेबांनी तिथे पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. काळ्या कागदावर आधी पांढरं नाव उमटलं. मग त्याच्या खालून, पाण्यातून वर यावा तसा, एकेक आकडा. सगळे आकडे कागदपत्रांशी जुळले. साहेबांनी नोंदीत लिहिलं, 'विशेष खूण : आईने घातलेले नाव.'

साहेब पुढे बदलून सांगलीला गेले. ज्ञानू दोन वर्षांत पुन्हा बोटीवर चढला आणि तिकडचाच झाला. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. एक्क्याऐंशी साली जाईपर्यंत त्या रोज सकाळी गाडीवरच्या त्या नावावरून हात फिरवायच्या.