खोकल्याच्या गोळ्यांची डबी

त्या वसंतात आमचा ओनो सुतारकी शिकून गावोगाव काम करत फिरायला निघाला. आमच्याकडचा रिवाज असा, की तीन वर्षं घराकडे फिरकायचं नाही, आणि निघताना वेशीवरच्या गावाच्या नावाच्या पाटीवर चढून पलीकडे उतरलं की मागे वळून बघायचं नाही.

मी त्याला खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत शिवणाचं सामान भरून दिलं. काळा दोरा, कोटाची जादा बटणं, आणि सुया टोचून ठेवायला त्याच्या लहानपणच्या पायजम्याचा तुकडा. झाकण उघडू नये म्हणून वरून दोरा करकचून बांधला.

"आई, मी सुतार आहे, शिंपी नाही," असं म्हणत त्याने ती खिडकीत ठेवली आणि निघताना तिथेच विसरला. मी ती खिशात घालून वेशीपर्यंत आणली.

तो पाटीवरून पलीकडे उतरला तेव्हा मी मागून म्हटलं, "ओनो, डबी राहिली."

तो थांबला.

"वळू नकोस हां," त्याला न्यायला आलेला जोडीदार म्हणाला.

"वळतोय कुठे?" म्हणत ओनोने हात तेवढा मागे केला.

मी जवळ जाऊन त्याच्या हातात डबी ठेवली. त्याने डबीसकट माझी बोटं मुठीत धरली.

माझा नवरा हार्म पाटीला टेकून उभा होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अगं, एक डबी द्यायला किती वेळ?"

"झाकण घट्ट बसलंय का ते बघतोय तो," मी म्हटलं.