कुरणातली भाडेकरीण

"गोळी घाल, माती घाल, तोंडाला कुलूप घाल."

व्हर्ना टोलेफसनच्या कानात बापाचा हा आवाज लहानपणापासून बसलेला. इतरांच्या घरी जेवणाआधी प्रार्थना म्हणत, तिच्या घरी हे. सरकारनं जपायला सांगितलेलं जनावर आपल्या जमिनीत दिसलं, की अमेरिकेतल्या मोंटानाच्या गुरंवाल्यांनी काय करायचं, त्याची ही शिकवण. लांडगा फार तर एखादं वासरू खाईल, बाप म्हणायचा, पण त्याच्या मागून येणारा सरकारी कागद अख्खं कुरण खातो.

बाप जाऊन वर्षं लोटली. जूनची कोवळी सकाळ होती, ओसरीवर कॉफी वाफाळत होती, आणि मांडीवर टोपी ठेवून एक परका माणूस समोर बसला होता. ग्रेडी त्याचं नाव. शहरातल्या एका निसर्गप्रेमी मंडळाकडून आलेला.

"लांडग्यांचा वकील आलाय, व्हर्ना," तिचा धाकटा भाऊ ऑर्विल म्हणाला. खांबाला टेकून तो बंदुकीची नळी पुसत होता. "विचार त्याला, अशिलानं फी काय दिली? सशाची तंगडी?"

उद्या गुरं वरच्या कुरणात चढवायची होती. उन्हाळाभर तिथल्या गवतावरच हे घर उभं राहायचं. आणि त्या कुरणात, उन्मळून पडलेल्या पाइनच्या मुळाखाली काय आहे, हे व्हर्नानं ऑर्विललासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर बापाची शिकवण त्यानं त्याच दिवशी पाळली असती. न सांगावं, तर उद्या गुरांमागून जाताना त्याला दिसणारच.

ग्रेडी हसला. "वकील नाही, दलाल म्हणा. आमच्या सभासदांना डोंगरात लांडगे हवेत. हौस त्यांची, तर खर्चही त्यांचाच. ज्याच्या जमिनीत लांडगी पिल्लं वाढवेल, त्याला आम्ही दर वर्षी भाडं देतो."

"सरकारी पैसा?" व्हर्नानं विचारलं.

"छदामही नाही. वर्गणी."

"आणि कुरणाला टाळं?"

"जमीन तुमची. टाळं लावणारा मी कोण? पिल्लं मोठी होईस्तोवर बिळाजवळ गुरं न्यायची नाहीत, एवढंच. तेवढ्या गवताचंच तर भाडं."

व्हर्नानं कप खाली ठेवला. आजवर या ओसरीवर कुणी हुकूम घेऊन आलं होतं, कुणी डोळ्यांत पाणी घेऊन. सौदा घेऊन कुणीच आलं नव्हतं. आणि सौदा तिला कळायचा. गुरांच्या बाजारात तिच्यासमोर भले भले घाम पुसायचे.

"वासरू खाल्लं तर?"

"बाजारभावानं भरपाई. आमचा तज्ज्ञ येऊन बघेल आणि मग..."

"तुमचा तज्ज्ञ शहरातून निघेपर्यंत उरलेल्या वासरावर अस्वलं जेवून हात धुतील. भरपाई माझ्या शब्दावर."

"टोलेफसनबाई, नुसत्या शब्दावर म्हणजे..."

"म्हणजे शब्दावर. एकदा जरी मी खोटी सापडले, तर भाडं बंद आणि घेतलेलं सगळं परत."

ग्रेडीनं टोपी एकदा गोल फिरवली. "चालेल."

"भाडं आगाऊ."

"आणि लांडगी मधेच निघून गेली तर?"

"भाडेकरू पळाला म्हणून घरमालकानं पैसे परत दिलेले ऐकलेत कधी?"

आता तो मनापासून हसला. उठला आणि त्यानं हात पुढं केला. या खोऱ्यात कागद मागाहून येतो, आधी हात. व्हर्नानं तो घट्ट धरला. डोळ्यांत बघून धरला. छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलावा, तसं तिला झालं.

ऑर्विलनं मांडीवर थाप मारली. "वा रे वा! भाडं ठरलं, अटी ठरल्या, हात मिळाले. आता भाडेकरीण तेवढी शोधायची राहिली! अहो साहेब, जन्म गेला माझा या डोंगरात. लांडग्याचा केस दिसला नाही मला. बहिणीनं माझ्या तुम्हाला वारा विकला, वारा!"

ग्रेडी गोंधळून व्हर्नाकडे बघू लागला.

"वर, त्या पडलेल्या पाइनखाली," व्हर्ना म्हणाली. "पाच पिल्लं आहेत. एक काळंभोर. एक मागच्या पायानं लंगडतं, पण आईच्या शेपटीला आधी तेच जाऊन लोंबकळतं."

नळीवरचं फडकं तिथंच थांबलं.

"लंगडतं?" ऑर्विल सावकाश म्हणाला. "तुला काय ठाऊक, लंगडतं ते?"

व्हर्नानं मान वळवून त्याच्याकडे सरळ बघितलं.

"बर्फ वितळल्यापासून रोज पहाटे मी कुंपण दुरुस्त करायला वर जाते ना," ती म्हणाली, "त्या कुंपणाला काहीसुद्धा झालेलं नाही, ऑर्विल."