खंडेनवमीचा दोरा

"ही काय रिक्षा आहे, लिंबू-मिरची टांगायला?" नवशिक्या पोराच्या पाठीवरची पॅराशूटची पिशवी बघून प्रशिक्षक शर्वाणी कडाडली. तिनं स्वतःची पिशवी कधीच चढवली होती. विमान धावपट्टीवर घरघरत होतं.

पण तिला खरी किळस आली ती त्याच्या छातीवरची मूठ बघून. मुख्य पॅराशूट उघडलं नाही, तर हीच मूठ ओढून राखीव पॅराशूट उघडायचं. ती मूठ कुणीतरी पूजेच्या लाल दोऱ्यानं पट्ट्याला करकचून बांधली होती. गाठीवर कुंकवाचं बोट.

"वरून दगडासारखा खाली येशील, तेव्हा हा दोरा तोडायला देव येणारे?" तिनं चाकूनं दोरा कापला आणि मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांत धरून भिरकावला. "रोज घसा फोडून सांगते, पिशवी चढवली की आधी मूठ चाचपा. कानात बोळे घातलेत का?"

"लिंबू माझं, मॅडम," तो चाचरत म्हणाला. "दोरा माझा नाही. काल खंडेनवमीला मालकांनी सगळ्याच पिशव्यांची पूजा केली."

"आणि तू तसाच निघालास? बघितलंही नाहीस?"

तो नुसता तिच्या पट्ट्याकडे बघत राहिला.

शर्वाणीनं आपली मूठ चाचपली. दोरा होता. गाठही तशीच पक्की होती. गाठीवरचं कुंकू मात्र सकाळच्या उडीत वाऱ्यानं पार उडून गेलं होतं.