पत्रातली करंगळी

“आई, हा हात यांचा नाहीच,” सून म्हणाली आणि तिनं पत्र खिडकीच्या उजेडात धरलं.

सासूबाई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. खोलीच्या मधोमध बॅग उघडी पडली होती. तीत कपडे भरायचे आणि परत काढायचे, हा खेळ सकाळपासून चालला होता. डॉक्टरकीचं एक वर्ष सुनेनं बाळंतपणापायी सोडलं होतं. उद्या कॉलेजात हजर व्हायचं, नाहीतर जागा जाणार. कॉलेज दुसऱ्या गावाला, म्हणजे वसतिगृहात राहणं आलं. बाळ तर नुकतं रांगायला लागलेलं. मला हे जमायचं नाही, असं तिनं जेवताना जाहीर करून टाकलं. सासूबाईंनी वाद घातला नाही. कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढून तिच्यापुढे ठेवला. त्याही असंच लेकरू आईकडे ठेवून डॉक्टर झाल्या होत्या. आईनं वसतिगृहावर पाठवलेली सगळी पत्रं त्या डब्यात होती.

वाचताना सून दोनदा मोठ्यानं हसली. ज्यांच्यापुढे अख्खा दवाखाना चळचळा कापायचा, त्या सासूबाई या पत्रांत भलत्याच कुणी होत्या. ‘पहिल्या दिवशी चक्कर आली ती उपाशीपोटी गेलीस म्हणून. त्या बिचाऱ्या प्रेताला दोष देऊ नकोस.’ ‘हाडांची पेटी पलंगाखाली ठेव. उशाशी कशाला?’ ‘नापास झालीस तर झालीस. विषय काही पळून जात नाही, पुन्हा बस.’ आणि बऱ्याच पुढच्या एका पत्रात: ‘तू एकटीनं एका बाईचं बाळंतपण केलंस हे मी गल्लीभर सांगून आले. मुलगा झाला की मुलगी ते लिहायला विसरलीस. लोक मला विचारतात.’

प्रत्येक पत्राखाली तेव्हाच्या बाळाचा, म्हणजे सुनेच्या नवऱ्याचा, हात होता. कागदावर पंजा ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवलेली. सासूबाईंनीच तो आईकडे मागितला होता. पोर वाढतंय की नाही ते हातावरून कळेल म्हणून. पत्रामागून पत्र पंजा मोठा होत गेला होता, आणि खाली दर वेळी तेच लिहिलेलं: ‘मजेत आहे. रडत नाही.’

पण करंगळी सरळ होती. या पत्रात, त्या पत्रात, पाहावं तिथं सरळ.

सुनेनं नवऱ्याला हाक मारली. तो बाळाला कडेवर घेऊन आला. तिनं त्याचा पंजा ओढून कागदाशेजारी ठेवला. त्याची करंगळी जन्मापासून आत वळलेली होती, शेजारच्या बोटाच्या कानात काहीतरी सांगायला निघाल्यासारखी. बाळाचीही तशीच.

“आता माझ्या करंगळीनं काय गुन्हा केला?” त्यानं विचारलं. आणि बाळाला घेऊन तो बाहेर गेला.

सुनेचा चेहरा उतरला. हात खोटा, म्हणजे खालचं लिहिलेलंही खोटं. लेकरू रडून रडून अर्धं झालं असणार, आणि आजीनं दुसऱ्याच कुणाचा तरी हात काढून लेकीची समजूत घातली असणार. उद्या मलाही असंच कळवाल, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून ती बॅगेतले उरलेसुरले कपडे बाहेर काढायला लागली.

“अगं, मला कळलं नसेल का?” सासूबाई म्हणाल्या. “हाडांच्या पेटीशेजारी झोपत होते मी. पहिलं पत्र उघडलं आणि मिळेल ती बस धरली.”

सुनेचे हात थांबले.

मग सासूबाईंनी सगळं सांगितलं. त्या कुंपणापाशी पोचल्या तेव्हा अंगणात पुढच्या पत्राची झटापट चालली होती. आजी मूठ उघडतेय आणि पोरगं पेन्सिल हिसकावून तोंडात घालतंय. कागदाचा बोळा झालेला. आजीचा चष्मा गवतात. ती डोळे वटारायची आणि हे आणखीच खिदळायचं. शेवटी हात टेकून ती शेजारी गेली. शेजारणीची मुलगी याच्याच वयाची, पण इतकी गरीब की कागदावर पंजा ठेवला तर तिथेच राहायचा.

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? आल्या पावली परत. मी दिसले असते तर तो रडला असता आणि माझा पाय निघाला नसता.” सासूबाईंनी दुपटं बाजूला ठेवलं. “आईला कधी बोलले नाही. पत्र आलं की आधी करंगळी बघायची. सरळ दिसली की समजायचं, पोरगं अजून आजीला पुरून उरतंय.”

त्यांनी डब्याच्या तळातून एक पत्र काढून सुनेच्या हातात दिलं. खाली तेच लिहिलेलं होतं, ‘मजेत आहे. रडत नाही.’ पण इथे करंगळी आत वळलेली होती.

“ताप होता त्याला. गप पडून हात काढू दिला. तेवढ्या एका वेळी मी रजा टाकून घरी गेले.”

सुनेनं ते पत्र घडी घालून डब्यात ठेवलं. मग तिनं पलंगावरचे कपडे उचलले आणि बॅगेत भरले. या वेळी परत काढले नाहीत.

वसतिगृहात गेल्यावर फोन रोज व्हायचा, पण बाळ नुसता फोन चाटायचं. बरं आहे ना, असं विचारलं की सगळे एका सुरात हो म्हणायचे. तिला काही झोप लागत नव्हती.

मग एक दिवस पत्र आलं. वॉर्डात जायची घाई होती, तरी तिनं जिन्यातच पाकीट फोडलं. अक्षर सासूबाईंचं होतं. मजेत आहे, रडत नाही. खाली एक इवलासा पंजा. तिनं आधी करंगळी पाहिली.

पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. तिचा जीव भांड्यात पडला.